शेऱ्याचा रकाना

आंबा उपाशीपोटी चाखायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. भुकेल्या माणसाला सगळेच आंबे गोड लागतात आणि मग निवड झाडाची न राहता पोटाची होते, असे ते म्हणत. टोपलीतले वरचे फळ घ्यायचे नाही, कारण ते दाखवण्यासाठी ठेवलेले असते. एका झाडाची तीन फळे चाखायची, तीन वेगळ्या बाजूंची, आणि दोन फळांच्या मध्ये कोमट पाण्याने चूळ भरायची. सर्वांत जाचक नियम शेवटचा होता: एका हंगामाच्या फळावर झाडाविषयी मत द्यायचे नाही. तीन हंगाम पाहायचे आणि मगच तोंड उघडायचे.

या शेवटच्या नियमामुळे त्यांना नाव पडले होते. फळझाडांच्या ज्या मोठ्या रोपवाटिकेत ते निवड सहायक होते, तिथे साहेबांपासून माळणीपर्यंत सर्व जण त्यांच्या पाठीमागे, आणि पुढे पुढे तोंडावरही, त्यांना ‘थांबा-बघू’ म्हणत. कोणी विचारले, "मग काय, सापडला का यंदा एखादा?" की उत्तर ठरलेले: "थांबा, बघू." त्यांच्या पत्नीचे म्हणणे असे की ही खोड आंब्याची नव्हेच, जन्माची आहे. "मला बघायला आले तेव्हा बाबांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर हे म्हणाले, थांबा, बघू. आणि मी थांबले! अजून थांबलेच आहे. नक्की पसंत आहे की नाही ते काही कळलेलं नाही."

त्यांचे काम थोडक्यात सांगण्यासारखे होते. कोयीपासून आपोआप वाढलेला रायवळ आंबा कधीही आपल्या आईसारखा निपजत नाही. प्रत्येक झाड स्वतःची अशी एक जात असते. बहुतेक जाती सामान्य निघतात. क्वचित एखादी असामान्य. ती शोधायची, तिच्या काड्या आणून कलमे बांधायची आणि एका झाडाची हजार झाडे करायची. त्यासाठी दर उन्हाळ्यात सहा आठवडे ते एसटीने लहान लहान गावांतून हिंडत. लॉजमध्ये दोन खाटांची खोली घेत. एक खाट त्यांची, दुसरी आंब्यांची. बाजारात गेल्यावर विक्रेत्याला ते ‘चांगला कोणता’ असे कधीच विचारत नसत. त्यांचा प्रश्न असे, "तुम्ही घरी कोणता नेता?" या प्रश्नाने माणसे प्रथम गोंधळत, मग हसत, आणि बहुतेकदा खरे बोलत. अशा खऱ्या उत्तरांमागे जाऊन ते खोबऱ्या, शेप्या, गोटी, मास्तरांचा, टाकीजवळचा अशा नावांच्या झाडांखाली पोहोचत.

प्रत्येक झाडासाठी एक कार्ड. कार्डावर अठरा रकाने: वजन, सालीची जाडी, कोयीचा आकार, धागा, रस, कापल्याबरोबर येणारा वास, थोड्या वेळाने येणारा वास, आणि असेच पुढे. सर्वांत खाली शेरा. एकतीस वर्षांत सहाशेचाळीस कार्डे भरली. त्यांपैकी अकरा झाडे तीन हंगामांच्या चाळणीतून पार झाली आणि त्या अकरांतले एकही पुढे टिकले नाही. कुणाचे फळ प्रवासात काळे पडे, कुणाची साल उन्हात तडके, दोन झाडे वादळात गेली. निवृत्तीला दीड वर्ष उरले असताना त्यांच्या खात्यावर एकही जात नव्हती. याबद्दल ते कधी बोलत नसत. पण कार्डांचा खोका ते आता कार्यालयात न ठेवता घरी आणू लागले होते.

त्या वर्षी एका बाजारात त्यांनी नेहमीचा प्रश्न एका बाईंना विचारला. बाईंनी समोरच्या ढिगाकडे पाहिले आणि सरळ सांगितले, "यातला एकही नाही नेत. आम्हांला आंबे नर्सबाई देतात. दवाखान्याच्या मागची गल्ली, शेवटचं घर. विकत मागाल तर हाकलून देतील हं."

नर्सबाई निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली होती. वय शहात्तर, एकट्या. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे चिंचोळे अंगण आणि त्यात ते झाड. शेजारी शिंप्याचे घर. त्याच्याही अंगणात आंब्याचे झाड होते, आणि मधल्या भिंतीवर दोन्ही झाडांच्या फांद्या एकमेकींत अशा घुसल्या होत्या की खालून पाहणाऱ्याला एकच झाड दोन बुंध्यांवर उभे आहे असे वाटावे.

"विकत नाही, चाखायला हवाय," त्यांनी दारातच सांगितले.

"जेवलात का?"

"हो. नियमच आहे माझा."

"मग या. उपाशी माणसाला मी आंबा देत नाही, उगाच कौतुक करतो," नर्सबाई म्हणाल्या. आपला नियम दुसऱ्याच्या तोंडून ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

नर्सबाईंनी आंबा आणला तो दवाखान्यातल्या पांढऱ्या किडनी ट्रेमधून. थांबा-बघू यांनी आपली घडीची सुरी काढली, काप केला, डोळे मिटले. मग दुसरे फळ. मग तिसरे. मध्ये चूळ भरायला ते विसरले.

"कसा आहे?"

तोंडापर्यंत आलेले दोन शब्द त्यांनी सवयीने उच्चारले, "थांबा, बघू." परंतु हात वेगळेच काही करत होता. कार्ड मांडीवर घेऊन, अठराही रकाने ओलांडून, थेट शेऱ्याच्या जागी त्यांनी एक शब्द लिहिला आणि कार्ड खिशात टाकले. बाकीचे रकाने दुसऱ्या फेरीत भरू, तेव्हा ताजी फळे मिळतीलच, असा त्यांचा हिशेब होता. एकतीस वर्षांत असे त्यांनी कधीही केले नव्हते.

"तीन हंगाम बघायला लागतील," ते म्हणाले.

"तीन हंगाम कुठले, भाऊ? तीन आठवडेसुद्धा नाहीत. गल्ली रुंद होणार. हे अंगण जाणार, शिंप्याचंही जाणार. झाडं पहिल्यांदा." नर्सबाईंनी ट्रेमधल्या कोयी गोळा केल्या. "मी भाचीकडे राहायला जाणार आहे. तिच्याकडे मागे एक झाड लावण्यापुरती जागा आहे, मोजून एक. मला दुसरं काही न्यायचं नाही इथून. हे नेता येईल का, एवढंच सांगा."

नेता येणार होते. झाड जाते, परंतु काडी वेळेवर काढली तर झाडाचे झाडपण दुसऱ्या बुंध्यावर जगते. यासाठी एक पद्धत आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीचे निबर शेंडे निवडायचे, त्यांची पाने देठ ठेवून खुडायची आणि काडी झाडावरच सोडून परत यायचे. आठ-दहा दिवसांत देठ गळतात, डोळा फुगतो, आणि तेव्हाच काडी कापायची. आधी कापली तर कलम धरत नाही. म्हणजे दोन फेऱ्या आल्या. त्यांनी त्याच दुपारी शिडी मागून बारा शेंडे खुडले आणि प्रत्येकाला लाल दोरा बांधला.

शिडी शिंप्याकडचीच होती. ती परत करायला गेले तर शिंप्याची बायको दारात. "साहेब, आमच्याही झाडाच्या घ्या की! आमचा आंबा काय वाईट आहे? बाईंच्या घरचा तेवढा आंबा, आणि आमच्या घरचा काय बिब्बा?"

आंबा वाईट नव्हता, सामान्य होता. त्यांनी शिष्टाचार म्हणून चाखला, शिष्टाचार म्हणून त्याचे कार्ड भरले, अठराच्या अठरा रकाने, आणि शिष्टाचार म्हणूनच सात शेंडे खुडले. पिशवीत दुसऱ्या रंगाचा दोरा नव्हता. शिंप्याकडे दोऱ्यांची अख्खी पेटी होती, पण काम होईपर्यंत ऊन उतरले होते, एसटीची वेळ झाली होती. भिंतीच्या अलीकडचे बाईंचे, पलीकडचे शिंप्याचे. झाड काही जागचे हलत नाही. या भरवशावर त्यांनी त्या सातांनाही लाल दोराच बांधला.

नवव्या दिवशी ते ओले गोणपाट आणि कात्री घेऊन आले तेव्हा भिंत नव्हती. रस्त्याच्या कामाचे यंत्र लवकर मोकळे झाले म्हणून आदल्या दिवशीच काम उरकले होते. दोन्ही झाडांच्या फांद्या तोडून गल्लीच्या तोंडाशी सावलीत एकत्र रचल्या होत्या. फळे लोकांनी उचलून नेली होती. उरलेली चाकांखाली गेली होती. नर्सबाई त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी एकाही माणसाला सरपण उचलू दिले नव्हते.

"तुमचे दोरे शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "एकालाही हात लावू दिला नाही मी. घ्या काढून."

ते वाकले. पहिला दोरा सापडला, दुसरा सापडला. काड्या जिवंत होत्या, देठ गळले होते, डोळे टपोरले होते. पद्धतीप्रमाणे सर्व काही उत्तम झाले होते. चौदावी काडी हातात आल्यावर ते थांबले. बाकीच्या पाच कुठे चिरडल्या असाव्यात.

"काय झालं?"

बाईंच्या झाडाच्या पानाची कड लहरदार होती, शिंप्याच्या झाडाची सरळ. कोणीही दोन पाने शेजारी धरून सांगितले असते. परंतु ढिगातला पाला आदल्या दिवशीच शेळ्यांना गेला होता, आणि या चौदा काड्यांवर पान नव्हते. ते त्यांनी स्वतःच्या बोटांनी खुडले होते, एकेक करून, देठ राखून.

त्यांनी सांगितले. काही लपवले नाही, दोऱ्याच्या रंगाचेही.

नर्सबाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "भाऊ, मी छत्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली. बाळ बाहेर आलं की नाळ कापायच्या आधी मनगटाला पट्टी. त्याच नंबरची पट्टी आईला. दोन बाळांना एक नंबर घातला असता तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं." मग थोड्या नरमाईने, "एकदा झाली होती अदलाबदल. सव्वा तास. त्या सव्वा तासात माझे केस पांढरे झाले."

"मग कळलं कसं?"

"आईनं ओळखलं." त्यांनी ढिगाकडे पाहिले. "इथे कोण ओळखणार?"

चौदा कलमे बांधली. सहा जगली. सहा काळ्या पिशव्यांत, जाळीच्या सावलीखाली, तांबूस पाने घेऊन ती उभी राहिली आणि थांबा-बघू रोज सकाळी भिंग घेऊन त्यांच्यासमोर बसू लागले. पण कलमाची पहिली पाने खोटे बोलतात. कोवळेपणी सर्वांचीच कड लहरते, आणि पुढेही परक्या बुंध्यावर कडेचा भरवसा धरता येत नाही. सहाही कलमांची पाने लहरदार होती आणि म्हणून एकाचीही साक्ष ग्राह्य नव्हती. निकाल फळच देणार, आणि फळ चार-पाच वर्षांनी.

सहाही कलमे चार-पाच वर्षे ठेवली असती तर प्रश्नच मिटला असता. साहेबांना तसे वाटतही होते. "तुम्ही म्हणाल तर मी डोळेझाक करतो," ते म्हणाले, "एका कोपऱ्यात राहतील." पण नियम उलटा होता: ज्या कलमाची मूळ झाडाशी ओळख पटत नाही, ते रोपवाटिकेत ठेवू नये आणि बाहेर जाऊ देऊ नये, हंगामाअखेर खड्ड्यात पुरावे. अपवाद एकच. मूळ झाडाच्या मालकाला, स्मृती म्हणून, एक कलम देता येईल. हा नियम पंधरा वर्षांपूर्वी थांबा-बघू यांनीच लिहिला होता. तेव्हा एका तुकडीत दोन जातींची सरमिसळ झाली होती आणि सातव्या वर्षी एक बागवाला पिशवीतून दोन आंबे घेऊन आला होता. तो भांडला नाही. दोन्ही आंबे टेबलावर ठेवून समोरच्या खुर्चीवर दुपारपर्यंत नुसता बसून राहिला. ती खुर्ची अजून कार्यालयात होती. साहेबांपुढे उभे राहून आपल्यासाठी अपवाद मागावा, असे थांबा-बघू यांना एकदा नव्हे, अनेकदा वाटले. मागता आले नाही.

"घरी आणा गुपचूप," पत्नी म्हणाली. "गॅलरीत ठेवू. साबणाच्या बादल्या हलवते मी."

"गॅलरीत फळ धरत नाही."

"मग नियम मोडायला भिता म्हणा."

"तेही आहे."

खड्डा भरायच्या दिवशी ते पिशव्यांसमोर उभे होते. बारांत सात मिसळलेल्या. त्यांतल्या चौदा सापडलेल्या. त्यांतल्या सहा जगलेल्या. बाईंचे कलम हाती लागण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक, एवढेच गणित हाती होते. एक कलम सर्वांत उंच होते. पण शिंप्याचे झाडही दांडगेच होते. एकाचे पान काळसर होते. त्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता. त्यांनी एक पिशवी उचलली, ठेवली, दुसरी उचलली.

माळीण फावडे टेकवून वाट पाहत होती. "साहेब, मला पुढच्या वाफ्यावर जायचंय. उचला की एक. तुम्हांलाच जर कळत नाही, तर मग कुठलंही चालेल ना?"

तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, तर्क होता. ज्या माणसाने तीन हंगामांशिवाय एकही झाड पत्करले नव्हते, त्याने त्या दिवशी एक कलम केवळ हाताशी होते म्हणून उचलले. उरलेली पाच कलमे खड्ड्यात आडवी झाली तेव्हा ते पाठ करून उभे राहिले. मातीचा आवाज पाच वेळा आला.

ते कलम मांडीवर घेऊन ते एसटीने भाचीच्या गावी गेले. नर्सबाईंनी खड्डा आधीच खणून घेतला होता. "हेच का?" त्यांनी विचारले. ते वाकून पिशवी फाडू लागले.

पाचव्या उन्हाळ्यात भाचीचा फोन आला. थांबा-बघू निवृत्त होऊन साडेतीन वर्षे झाली होती. "काका, चार आंबे धरले होते. दोन गळले, एक उतरवलाय, एक झाडावर आहे. मावशी म्हणते, तुम्ही आल्याशिवाय सुरी लावायची नाही. आणि येताना जेवून या म्हणाली."

नर्सबाई आता एक्याऐंशीच्या होत्या. मधल्या आजारपणाने त्यांना वाळवून टाकले होते. तोच किडनी ट्रे पुढे आला. तीच घडीची सुरी. थांबा-बघू यांनी दोन काप केले, एक नर्सबाईंना दिला, एक स्वतः घेतला. भाची दारात उभी होती. ते जुने झाड तिने फळांच्या दिवसांत कधी पाहिले नव्हते. शिंपी गेला होता, त्याची बायको मुलाकडे, कुठे ते कोणाला ठाऊक नव्हते. म्हणजे ती चव ठाऊक असलेली माणसे त्या खोलीत दोनच होती.

नर्सबाईंनी सावकाश खाल्ले. "मला हल्ली सगळंच गोळीसारखं लागतं," त्या म्हणाल्या. "गोड आहे एवढं कळतं. तुम्ही सांगा. माझा की शिंप्याचा?"

त्यांनी डोळे मिटले. त्यांना तो व्हरांडा आठवला, ट्रेची उडालेली कड आठवली, चूळ भरायला विसरल्याचे आठवले. त्या दिवशी आपण थरारून गेलो होतो हे लख्ख आठवले. चव मात्र आठवली नाही. ती होती, एवढेच आठवले.

"तुमच्या कार्डावर असेल ना लिहिलेलं?" भाची म्हणाली. "मावशी सांगते, तुम्ही प्रत्येक झाडाचं लिहून ठेवता."

दोन्ही कार्डे त्यांनी आणली होती. शिंप्याच्या झाडाचे कार्ड त्यांनी मोठ्याने वाचले आणि हातातल्या फळाशी ताडून पाहिले. अठरांपैकी अकरा रकाने जुळले. कोणत्याही दोन आंब्यांचे इतके जुळतातच. शिवाय पहिल्या बहाराचे फळ पाणचट असते.

"आणि माझं?"

त्यांनी ते पुढे केले. नर्सबाईंनी चष्मा लावला, कार्ड उलटून पाठ पाहिली, पुन्हा सुलटे केले. अठरा कोरे रकाने, आणि खाली घाईघाईने लिहिलेले ‘हाच’.

"बस? एवढंच?"

"त्या दिवशी दुसरं काही लिहावंसं वाटलं नाही."

"सहाशे झाडांचं सगळं लिहिलंत," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी कार्ड मांडीवर ठेवले आणि त्यावरून एकदा तळवा फिरवला. "आता बोला. आणि थांबा, बघू म्हणणार असाल, तर आधी माझं वय विचारा."

बोलायला ‘हो’ पुरेसे होते. ते म्हणायला काही लागत नव्हते, आणि कोणी ते खोडूनही काढले नसते.  त्यांनी मात्र खिशातून एक नवे कार्ड काढले. वजन लिहिले. सालीची जाडी लिहिली. कोय पुसून, पट्टीने मोजून, तिचा आकार लिहिला. धागा, रस, पहिला वास, नंतरचा वास. अक्षर पूर्वीसारखेच नेटके होते. भाचीने ट्रे उचलून नेला, धुऊन परत आणला, तरी ते लिहीतच होते. अठरावा रकाना भरला.

शेऱ्याच्या जागेवर पेन्सिल टेकवून ते बसून राहिले. नर्सबाई त्यांच्या हाताकडे पाहत होत्या.